जीआय बिलावर कॉलेज करताना घरभाडे भत्ता किती मिळेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या सैन्यदलातून बाहेर पडून कॉलेजात जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक एकच. व्हीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याच्या, संकेतस्थळावर एक आकडा दिसतो, आणि तो पगारासारखा दर महिन्याला येणार असं धरून भाडेकरार केला जातो. हा भत्ता पगार नव्हे. तो दिवसांवर मोजला जातो, क्रेडिटवर (विषयाला किती वजन ते सांगणारे गुणांक) कापला जातो आणि सुट्टीत बंद पडतो. जीआय बिल म्हणजे सैन्यात सेवा केलेल्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारी सरकारी योजना. खालची उत्तरं त्यातलं पोस्ट-९/११ जीआय बिल, म्हणजे चॅप्टर ३३ वापरणाऱ्यांसाठी आहेत.

हा भत्ता म्हणजे नेमकं काय?

पोस्ट-९/११ जीआय बिल १ ऑगस्ट २००९ पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी मिळतात: शिक्षण शुल्क (हे थेट कॉलेजला जातं), पुस्तकांसाठी वर्षाला जास्तीत जास्त १,००० डॉलर, आणि दरमहा घरभाडे भत्ता. शेवटच्या दोन रकमा तुमच्या बँक खात्यात येतात. एकूण लाभ ३६ महिन्यांचा. भत्ता मिळवण्यासाठी भाड्याची पावती किंवा करारनामा दाखवावा लागत नाही. आईवडिलांच्या घरी राहा, वसतिगृहात राहा, स्वतःच्या घरात राहा, रक्कम तीच.

दर कशावर ठरतो? मी राहतो त्या जागेवर का?

नाही. तुम्ही ज्या कॅम्पसवर सर्वाधिक तास घेता, त्या जागेच्या झिप कोडवर (अमेरिकेतला पिन कोड). त्या भागात ई-५ श्रेणीच्या, म्हणजे सार्जंटच्या हुद्द्यावरच्या आणि कुटुंब असलेल्या सैनिकाला संरक्षण खातं जो घरभाडे भत्ता देतं, तो तुमचा मूळ दर. तुम्ही कॅप्टन म्हणून निवृत्त झालात की शिपाई म्हणून, एकटे आहात की चार मुलांचे बाप, याचा इथे काही संबंध नाही.

त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनला आईबाबांकडे राहून मॅनहॅटनच्या कॉलेजात जाणाऱ्याला मॅनहॅटनचा दर लागतो. उलटंही होतं. महागड्या शहरात खोली घेतली आणि तास मात्र दूरच्या उपनगरातल्या शाखेत, तर दर त्या उपनगराचा. एकाच विद्यापीठाचे अनेक कॅम्पस असतील तर प्रवेशपत्रावरचा मुख्य पत्ता पाहू नका. वर्ग प्रत्यक्ष कुठे भरणार आहे ते विषयांच्या वेळापत्रकात पाहा.

मूळ दर कुठे सापडतो?

संरक्षण खात्याच्या भत्ता शोधणाऱ्या पानावर वर्ष, झिप कोड आणि ई-५ हे तीन रकाने भरा. दोन आकडे येतात, कुटुंबासह आणि कुटुंबाशिवाय. तुम्ही अविवाहित असलात तरी 'कुटुंबासह'चाच आकडा घ्यायचा. इथे पुष्कळ जण स्वतःची वैवाहिक स्थिती पाहून चुकीचा आकडा उचलतात.

वर्ष निवडतानाही सावध राहा. संरक्षण खात्याचे दर १ जानेवारीला बदलतात, पण व्हीए ते विद्यार्थ्यांना १ ऑगस्टपासून लावते. म्हणजे फेब्रुवारीत सेमिस्टर चालू असेल तर आदल्या वर्षीच्या जानेवारीचा दर चालतो. तुम्ही हा लाभ १ जानेवारी २०१८ च्या आधी वापरायला सुरुवात केली असेल, तर तुमचा दर नव्या विद्यार्थ्यांपेक्षा थोडा जास्त असतो.

मग हातात किती येणार? सूत्र काय?

मूळ दर × सेवेची टक्केवारी × अभ्यासाचं प्रमाण = पूर्ण महिन्याचा भत्ता. त्याला ३० ने भागलं की एका दिवसाचा. मग त्या महिन्यात सेमिस्टर किती दिवस चालू होतं, तितक्या दिवसांनी गुणायचं. व्हीए प्रत्येक महिना ३० दिवसांचाच धरते, त्यामुळे ३१ तारखेचे वेगळे पैसे नाहीत.

सेवेची टक्केवारी कशी ठरते?

१० सप्टेंबर २००१ नंतरच्या सक्रिय सेवेच्या दिवसांवर:

- ३६ महिने किंवा जास्त: १०० टक्के
- ३० ते ३६ महिने: ९० टक्के
- २४ ते ३० महिने: ८० टक्के
- १८ ते २४ महिने: ७० टक्के
- ६ ते १८ महिने: ६० टक्के
- ९० दिवस ते ६ महिने: ५० टक्के

पर्पल हार्ट (युद्धात जखमी झालेल्यांना मिळणारं पदक) मिळालेल्यांना, तसंच सलग ३० दिवस सेवा करून सेवेतल्या अपंगत्वामुळे बाहेर पडलेल्यांना १०० टक्के.

दिवस मोजताना दोन जागी फसगत होते. पहिली म्हणजे बेसिक ट्रेनिंग. सेवा २४ महिन्यांपेक्षा कमी भरत असेल तर भरतीनंतरच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणाचा काळ धरला जात नाही. दुसरी, वेस्ट पॉइंटसारख्या लष्करी अकादमीतून किंवा आरओटीसी (कॉलेजात शिकता शिकता अधिकारी घडवणारा कार्यक्रम) शिष्यवृत्तीवर अधिकारी झालेल्यांची. त्या बदल्यात करावी लागणारी बंधनकारक सेवा या हिशोबात येत नाही, मोजणी त्यानंतर सुरू होते. नॅशनल गार्डच्या (राज्यांच्या राखीव दलाच्या) लोकांनी तर कोणती ड्युटी कोणत्या आदेशाखाली झाली ते कागद काढून पाहावं. स्वतः बोटं मोजण्यापेक्षा व्हीएने पाठवलेल्या पात्रता प्रमाणपत्रावरची टक्केवारी घ्या, तीच खरी. तो कागद अजून नसेल तर आधी लाभाच्या अर्जाचा फॉर्म २२-१९९० भरा.

मी नऊ क्रेडिट घेतोय. पाऊण भत्ता मिळेल ना?

पाऊण नाही, ऐंशी टक्के. तुमच्या क्रेडिटना पूर्णवेळच्या क्रेडिटनी भागतात आणि उत्तर जवळच्या १० टक्क्यांवर आणतात. पदवीसाठी बहुतेक कॉलेजांत १२ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. त्या हिशोबाने:

- १२ किंवा जास्त: १०० टक्के
- ११: ९० टक्के
- १० आणि ९: दोन्हींना ८० टक्के
- ८: ७० टक्के
- ७: ६० टक्के
- ६ किंवा कमी: शून्य

शेवटची ओळ पुन्हा वाचा. अर्ध्यापेक्षा जास्त अभ्यास असल्याशिवाय भत्ता मिळतच नाही. सहा क्रेडिट म्हणजे बरोबर अर्धे, 'अर्ध्यापेक्षा जास्त' नव्हेत. सात क्रेडिटवाल्याने दुसऱ्या आठवड्यात एक क्रेडिटची प्रयोगशाळा सोडली की ६० टक्क्यांवरून थेट शून्यावर येतो. सोडलं एकच क्रेडिट, गेलं अख्खं भाडं.

आणखी एक. मोजले जातात ते तुमच्या पदवीला लागणारेच विषय. बारा क्रेडिटपैकी तीन हौस म्हणून घेतलेल्या फोटोग्राफीचे असतील आणि ते पदवीच्या आराखड्यात बसत नसतील, तर व्हीएच्या लेखी तुम्ही नऊवर आहात. फक्त शेवटच्या सेमिस्टरमध्ये पूर्णवेळ भरून काढण्यासाठी बाहेरचा विषय घेण्याची मुभा आहे.

एक अख्खं सेमिस्टर मांडून दाखवाल का?

समजा मूळ दर २,७०० डॉलर, सेवेची टक्केवारी ८०, क्रेडिट ९. सेमिस्टर २५ ऑगस्ट ते १२ डिसेंबर.

२,७०० × ०.८० × ०.८० = १,७२८ डॉलर. दिवसाला ५७.६० डॉलर.

ऑगस्टचे २५ ते ३० असे सहा दिवस, म्हणजे ३४५.६०. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर पूर्ण, प्रत्येकी १,७२८. डिसेंबरचे बारा दिवस, ६९१.२०. सेमिस्टरची बेरीज ६,२२०.८०.

आता हे पैसे कधी येतात ते पाहा. भत्ता महिना संपल्यावर, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला जमा होतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला ३४५.६० येतात, तोवर ऑगस्टचं आणि सप्टेंबरचं भाडं देऊन झालेलं असतं, वर अनामत वेगळी. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरच्या सुरुवातीला १,७२८. जानेवारीत ६९१.२०. पुढचं सेमिस्टर २० जानेवारीला सुरू झालं, तर जानेवारीचे अकरा दिवस भरतात आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ६३३.६० मिळतात.

ऑगस्ट ते जानेवारी असं सहा महिन्यांचं भाडं ठरलेलं. त्या सहा महिन्यांपोटी एकूण आले ६,८५४.४०, म्हणजे सरासरी महिना १,१४२. संकेतस्थळावर २,७०० पाहून १,८०० ची खोली घेणारा इथे अडकतो.

सुट्टीतही पैसे मिळायचे असं ऐकलं होतं.

पूर्वी मिळायचे. १ ऑगस्ट २०११ पासून दोन सेमिस्टरमधल्या सुट्टीचा भत्ता बंद आहे. जुने विद्यार्थी अजून तसं सांगतात, ऐकू नका. सेमिस्टर चालू असताना मधली थँक्सगिव्हिंगची किंवा स्प्रिंग ब्रेकची सुट्टी मात्र कापली जात नाही, कारण ती सेमिस्टरच्या तारखांच्या आत असते.

सगळे विषय ऑनलाइन घेतले तर?

मग कॅम्पस कुठेही असो, देशभराच्या सरासरी दराच्या निम्मा भत्ता. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात हा आकडा महिन्याला १,११८.५० डॉलर होता. त्यावर पुन्हा सेवेची टक्केवारी आणि अभ्यासाचं प्रमाण लागतंच.

पैसे निम्मे मिळाले म्हणून तुमच्या ३६ महिन्यांतले निम्मेच महिने खर्च होतात असं नाही. पूर्णवेळ ऑनलाइन विद्यार्थ्याचा महिन्याला महिना खर्च होतो. म्हणून जमत असेल तर प्रत्येक सेमिस्टरला एक तरी विषय वर्गात बसून घ्या. एक विषय पुरतो, बाकी सगळे ऑनलाइन असले तरी कॅम्पसचा दर लागू होतो. विषय पदवीला लागणारा हवा, आणि कॉलेजच्या नोंदीत तो 'प्रत्यक्ष' म्हणून दिसायला हवा. शिक्षकाने तोंडी सांगितलेलं चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ आठ-आठ आठवड्यांच्या सत्रांत होतो. वर्गातला विषय पहिल्या आठ आठवड्यांत संपला आणि दुसऱ्या आठ आठवड्यांत फक्त ऑनलाइन उरले, तर मध्यावर भत्ता कॅम्पसच्या दरावरून ऑनलाइनच्या दरावर घसरतो. त्या तारखेला वेळापत्रकात काय चालू आहे एवढंच व्हीए पाहते. तेव्हा वर्गातला विषय पूर्ण सोळा आठवडे चालणारा निवडा, किंवा दोन्ही अर्ध्यांत एकेक ठेवा.

आठ आठवड्यांच्या सत्रात सहाच क्रेडिट आहेत, मग शून्य मिळणार का?

नाही. छोट्या सत्रात क्रेडिटचं वजन वाढतं. क्रेडिट गुणिले १८, भागिले आठवडे. ६ × १८ ÷ ८ = १३.५, म्हणजे बारापेक्षा जास्त, अर्थात पूर्णवेळ. उन्हाळी सत्रालाही हाच हिशोब लावून पाहा, बऱ्याचदा दोन विषयांत काम भागतं.

पदव्युत्तर शिक्षणाला किती क्रेडिट लागतात?

ते कॉलेज ठरवतं. कुठे नऊ म्हणजे पूर्णवेळ, कुठे त्याहून कमी. कॉलेजचा व्हीए सर्टिफायिंग ऑफिसर, म्हणजे तुमची नोंद व्हीएकडे पाठवणारा कर्मचारी, त्याच्याकडून लेखी उत्तर घ्या.

कॉलेजऐवजी एखाद्या कामाची अप्रेंटिसशिप करत असेन तर?

पहिले सहा महिने भत्त्याच्या १०० टक्के, पुढचे सहा महिने ८०, मग ६०, ४० आणि शेवटी २०. पगार वाढत जाईल असं धरून भत्ता उतरत जातो.

व्हीएचं तुलना करणारं साधन वापरलं, आकडा आला. तो खरा मानू का?

साधन चांगलं आहे. कॉलेजचं नाव टाकलं की शुल्क, घरभाडे, पुस्तकं असा अंदाज देतं. पण आकडा वाचण्याआधी आधीच निवडलेली उत्तरं तपासा: सेवा किती महिने, शिक्षण प्रत्यक्ष की ऑनलाइन, पूर्णवेळ की कमी, लाभ २०१८ च्या आधी वापरला होता का, आणि कॅम्पस कोणता. एक जरी उत्तर तुमच्या परिस्थितीशी जुळत नसेल तर आकडा कामाचा नाही. आणि पूर्ण महिन्याचा आकडा हा पूर्ण महिन्याचाच असतो. ऑगस्ट, डिसेंबर, जानेवारी, मे तुम्हालाच दिवस मोजून काढावे लागतात.

सेमिस्टर सुरू होऊन दीड महिना झाला, एक डॉलर आलेला नाही. काय पाहू?

क्रमाने पाहा.

आधी कॉलेजने नोंद पाठवली का ते. बरीच कॉलेजं शुल्काचा आकडा पक्का होण्याची वाट पाहतात आणि भत्ताही त्याच्यासोबत अडकतो. सर्टिफायिंग ऑफिसरला विचारा की शुल्क शून्य दाखवून आधी नोंद पाठवता येईल का. शुल्क मागाहून दुरुस्त करता येतं, आणि तोवर घरभाडे सुरू होतं.

नोंद गेली असेल तर मासिक पडताळणी. डिसेंबर २०२१ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांनाही दर महिन्याला आपण अजून शिकत आहोत हे व्हीएला कळवावं लागतं. मोबाइलवर संदेश येतो, 'येस' असं उत्तर द्यायचं. सलग दोन महिने उत्तर दिलं नाही तर भत्ता थांबतो, शुल्क मात्र कॉलेजला जात राहतं. त्यामुळे कॉलेजातून काहीच तक्रार येत नाही आणि विद्यार्थ्याला वाटतं सगळं सुरळीत आहे. फोन नंबर बदलला असेल किंवा संदेश जाहिरात समजून पुसला असेल, तर संकेतस्थळावर पडताळणी करा किंवा ८८८-४४२-४५५१ या क्रमांकावर फोन करा. पडताळणी झाली की थांबलेले पैसे मिळतात.

तिसरी गोष्ट बँक खातं. सैन्यात असताना दिलेलं आणि आता बंद केलेलं खातं नोंदीत राहून जातं.

मध्येच एक विषय सोडला. पैसे परत द्यावे लागतील?

बहुधा हो. क्रेडिट कमी झाले की अभ्यासाचं प्रमाण कमी होतं आणि जास्त दिलेला भत्ता कर्ज म्हणून तुमच्या नावावर चढतो. वसुलीचं पत्र येतं ते मिनेसोटातल्या सेंट पॉल इथल्या व्हीएच्या कर्जवसुली केंद्राकडून. आजारपण, घरातला मृत्यू, नोकरीतली अनपेक्षित बदली अशी कारणं कागदपत्रांसह दिली तर सोडल्याच्या तारखेपर्यंतचा भत्ता राहतो. पहिल्यांदा विषय सोडताना सहा क्रेडिटपर्यंत कारण न विचारता सूट मिळते, पण ती आयुष्यात एकदाच. तीन क्रेडिटसाठी वापरली तर उरलेल्या तीनची पुढे वापरता येत नाही.

पूर्ण शिकून नापास झालात तर कर्ज चढत नाही, कारण विषय पुरा केलेला असतो. विषय अर्ध्यात सोडून गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू' आला तर चढतं. विचित्र वाटेल, पण नियम असाच आहे. सोडायचाच असेल तर आधी सर्टिफायिंग ऑफिसरला भेटा, मग बटण दाबा.

वडिलांनी त्यांचा लाभ मला दिला आहे. मला भत्ता मिळेल का?

मुलांना मिळतो, वडील किंवा आई अजून सेवेत असले तरी. जोडीदाराला मात्र सैनिक सेवेत असेपर्यंत भत्ता मिळत नाही, कारण त्या घराला सैन्याचा भत्ता आधीच मिळत असतो. स्वतः सक्रिय सेवेत असताना शिकणाऱ्यालाही नाही. लाभ हस्तांतर करायचं तर ते सेवेत असतानाच करावं लागतं: सहा वर्षं झालेली हवीत आणि आणखी चार वर्षांची हमी द्यावी लागते. निवृत्तीनंतर आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

सैन्य सोडलं, आता पुण्यात आजोळी राहून पदवी करायची आहे. चालेल का?

भारतातल्या संस्थेला आणि त्या विशिष्ट पदवीला व्हीएची मान्यता असेल तर. तुलना साधनात संस्थेचं नाव शोधा. नाव सापडत नसेल तर शुल्क भरण्याआधीच संस्थेकडून मान्यतेचा अर्ज करवून घ्यावा लागेल. परदेशी संस्थांसाठी शहरनिहाय दर नाही, देशभराची सरासरी सरसकट: २०२४-२५ मध्ये महिन्याला २,२३७ डॉलर. पुण्यात खोलीचं भाडं देऊन वर भरपूर उरेल. टक्केवारी, क्रेडिट आणि दिवसांचा हिशोब तिथेही तसाच. अमेरिकेतलं बँक खातं बंद करू नका.

दर कमी झाले तर माझा भत्ता उतरतो का?

त्याच कॉलेजात, तोच अभ्यासक्रम, मध्ये सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड नाही, तर जुना जास्त दर कायम राहतो. कॉलेज बदललं की नवा दर.

यावर कर भरावा लागतो का? आर्थिक मदतीच्या अर्जात दाखवायचा का?

कर नाही. फाफ्साच्या, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या, अर्जातही व्हीएचे शैक्षणिक लाभ उत्पन्न म्हणून धरत नाहीत. त्यामुळे पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी अनुदान) मिळण्याजोगी परिस्थिती असेल तर अर्ज जरूर करा. ती रक्कम सेमिस्टरच्या सुरुवातीला येते, आणि वरच्या उदाहरणातला ऑगस्ट-सप्टेंबरचा खड्डा नेमका तिथेच असतो.

सेवेतल्या अपंगत्वामुळे चॅप्टर ३१ मध्येही (अपंग माजी सैनिकांना शिक्षण आणि रोजगारासाठी मदत करणारी व्हीएची योजना) पात्र आहे. कोणता घ्यावा?

चॅप्टर ३३ चा एक तरी दिवस शिल्लक असेल तर चॅप्टर ३१ मध्ये शिकताना निर्वाह भत्ता चॅप्टर ३३ च्या दराने मागता येतो. सेवेची टक्केवारी ६० किंवा ७० असलेल्यांनी हे आधी विचारावं, कारण तिथे ती कपात लागत नाही. अट एवढीच की शेवटचा दिवस संपण्याआधी निवड कळवायची.

घरमालक उत्पन्नाचा पुरावा मागतो. काय देऊ?

पात्रता प्रमाणपत्र, कॉलेजने पाठवलेल्या नोंदीची प्रत आणि त्या झिप कोडच्या दराचं छापील पान. जमलं तर करार बारा महिन्यांऐवजी सेमिस्टरच्या तारखांना जुळेल असा मागा, कॉलेजच्या गावातले घरमालक याला बऱ्याचदा तयार असतात. आणि ऑगस्टमध्ये सामान हलवताना अनामत अधिक दोन महिन्यांचं भाडं खात्यात असू द्या. पहिला पूर्ण भत्ता ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिसेल.